इअरबड्स कानाचं मशीन म्हणून वापरायचे असतील तर

"ऐकू येतं, पण कळत नाही." वयानुसार ऐकणं कमी होऊ लागलं की घरोघरी हेच वाक्य येतं, आणि ते अगदी नेमकं असतं. दाराची बेल ऐकू येते, कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात, पण ठाण्याच्या जांभळी नाक्यावर भाजीवाल्याने साठ म्हटलं की आठ ऐकू येतं. अ, आ, ओ हे स्वर खालच्या पट्टीतले आणि जोरकस असतात. स, श, फ, थ, च यांची ओळख पटवणारा भाग बहुतेक २००० हर्ट्झच्या वर असतो, 'स'चा तर ४००० च्याही वर, आणि तो मुळातच हळू असतो. वयाने कान आधी याच वरच्या पट्टीत मंदावतो. वागळे इस्टेटमध्ये किंवा ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या कारखान्यांत वर्षानुवर्षं मशीनजवळ उभं राहिलेल्यांच्या तपासणीत ४००० हर्ट्झच्या आसपास बऱ्याचदा खड्डा दिसतो. घरचे ओरडून बोलतात तेव्हा स्वर मोठे होतात, व्यंजनं आहेत तिथेच राहतात. म्हणून ओरडण्याचा फायदा होत नाही आणि दोन्ही बाजू वैतागतात.

चांगले इअरबड्स इथे खरोखर कामाला येतात, पण काही अटींवर. ऐकणं सौम्य ते मध्यम इतकंच कमी झालेलं हवं, बड कानात घट्ट बसायला हवा, आणि वरच्या पट्टीला जास्त, खालच्या पट्टीला कमी असा आवाज वाढवता यायला हवा. नुसता आवाज मोठा करणारं काहीही कानात घातलं तर आठ फक्त आणखी मोठ्याने ऐकू येईल.

आधी ऑडिओग्राम

बड्स विकत घेण्याआधी कानाची तपासणी करा. पहिली पायरी कान-नाक-घसा तज्ज्ञ. ज्येष्ठांच्या कानात मळ घट्ट साचलेला असणं अगदी नेहमीचं आहे, आणि कधीकधी तो काढल्यावर निम्मी तक्रार तिथेच संपते. त्यानंतर ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे ऐकण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञाकडून, प्युअर टोन ऑडिओमेट्री करून घ्या. यात वेगवेगळ्या पट्टीतले सूर एकेक करून ऐकवतात. तपासणी आवाजबंद खोलीत व्हायला हवी. गोखले रोडसारख्या गजबजलेल्या रस्त्यावरच्या दुकानात काचेचं दार लोटून केलेल्या तपासणीत बाहेरचे हॉर्न मिसळतात आणि खालच्या पट्टीतले आकडे आहेत त्यापेक्षा वाईट दिसतात. श्रवणयंत्र विकणारे बरेच जण मोफत तपासणी करतात. ती करायला हरकत नाही, मात्र आलेखाचा कागद, म्हणजेच ऑडिओग्राम, मागून घ्या. तो तुमचा आहे. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग ही वाक् व श्रवण दिव्यांगजनांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे, तिथेही तपासणी होते. ठाण्याहून दादरला गाडी बदलून जाता येतं.

कागद हातात आला की तो असा वाचायचा. आडव्या रेषेवर पट्टी असते, डावीकडे २५० हर्ट्झ, उजवीकडे ८०००. उभ्या रेषेवर डेसिबल, वर शून्याच्या आसपास, खाली १२० पर्यंत. खूण जितकी खाली तितकं ऐकणं कमी. लाल गोल म्हणजे उजवा कान, निळी फुली म्हणजे डावा. त्यांच्या सोबत < आणि > अशा खुणा असतील तर ती कानामागच्या हाडावाटे आवाज पोचवून केलेली तपासणी. गोल-फुली आणि या कंसाच्या खुणा जवळजवळ असतील तर दोष आतल्या कानाचा किंवा त्यामागच्या नसेचा आहे. कंस वर आणि गोल-फुली बऱ्याच खाली असतील तर पडदा, मधला कान किंवा मळ यात अडचण आहे. तिचा इलाज बहुधा डॉक्टरांकडे असतो, इअरबडकडे नाही.

आता ५००, १०००, २००० आणि ४००० हर्ट्झचे चार आकडे घ्या आणि सरासरी काढा. समजा एका कानाचे आकडे ३०, ३५, ४५ आणि ६० आहेत. बेरीज १७०, सरासरी साडेबेचाळीस. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत २० ते ३५ सौम्य, ३५ ते ५० मध्यम, ५० ते ६५ मध्यम-तीव्र आणि त्यापुढे तीव्र. दोन्ही कानांची सरासरी पन्नासच्या आत असेल तर बड्सचा प्रयत्न जरूर करावा. पन्नास ते साठमध्ये फोन आणि टीव्हीपुरता फायदा होईल, समोरासमोरच्या बोलण्यात कमी पडेल. त्यापुढे पैसे घालवू नका, सरळ श्रवणयंत्राकडे वळा.

काही लक्षणं दिसली तर बड्सचा विषय बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टर गाठायचे. एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत एका कानाचं ऐकणं एकदम गेलं, तर ती तातडीची गोष्ट आहे. उपचार जितके लवकर सुरू होतील तितकी ऐकणं परत येण्याची शक्यता जास्त, आणि दोन आठवडे उलटल्यावर ती बरीच घटते. "सर्दीने कान बसला असेल" म्हणून थांबण्यात लोक हेच दिवस गमावतात. कानातून पाणी किंवा पू येणं, कान दुखणं, चक्कर, एकाच कानात सतत शिट्टी, दोन कानांत मोठा फरक, यांतलं काहीही असेल तरी आधी तपासणी. लहान मुलांसाठी हा मार्ग मुळीच नाही.

कोणते बड्स

आयफोन घरात असेल तर एअरपॉड्स प्रो २ किंवा प्रो ३. प्रो २ च्या श्रवणसहाय्य सॉफ्टवेअरला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली, १८ वर्षांवरच्या, सौम्य ते मध्यम दोष असलेल्यांसाठी. ऑक्टोबर २०२४ मधल्या आयओएस १८.१ पासून ते फोनमध्ये आलं. पहिले एअरपॉड्स प्रो घरात पडून असतील तर तेही टाकाऊ नाहीत. ऑडिओग्रामनुसार आवाज वाढवण्याची जुनी सोय त्यांच्यावर चालते. रबराची टोपी नसलेले साधे एअरपॉड्स मात्र या कामाचे नाहीत. ते कान बंद करत नाहीत, त्यामुळे वाढवलेला आवाज बाहेर गळतो.

सॅमसंगच्या बड्स प्रो मालिकेत बाहेरचा आवाज वाढवून आत सोडण्याची सोय आहे आणि डाव्या-उजव्या कानाची पातळी वेगळी ठेवता येते. सौम्य दोषाला ती पुरते. दोन-तीन हजारांच्या बड्समध्येही 'ॲम्बियंट' किंवा 'ट्रान्सपरन्सी' लिहिलेलं असतं, पण ती सोय धडधाकट कानाच्या माणसाला रस्त्यावरचा हॉर्न ऐकू यावा इतपतच असते, तुमच्या ऑडिओग्रामशी तिचा संबंध नसतो. असे बड्स फोन आणि टीव्हीसाठी वापरावेत.

ऑनलाइन पाचशे-हजार रुपयांत 'कानाचं मशीन' म्हणून विकले जाणारे डबे घेऊ नका. ते सगळंच सारखं वाढवतात आणि त्यांतल्या बहुतेकांना कमाल आवाजाची धड मर्यादा नसते. ताट पडलं की तो आवाज थेट कानात आदळतो आणि उरलंसुरलं ऐकणंही धोक्यात येतं.

पैशांचा हिशेब स्पष्ट असू द्या. एअरपॉड्स प्रोची जोडी पंचवीस हजारांच्या घरात जाते आणि आयफोन नसेल तर तो वेगळा. श्रवणयंत्रावर जीएसटी नाही, इअरबड्सवर आहे. फक्त कानासाठी म्हणून नवा आयफोन आणि नवे बड्स घेणार असाल, तर तेवढ्या पैशांत ऑडिओलॉजिस्टने बसवून दिलेलं श्रवणयंत्र येतं आणि ते दिवसभर चालतं. घरात फोन आहे, किंवा मशीन लावायला आई-बाबा अजून मनाने तयार नाहीत, अशा वेळी बड्सचा मार्ग शहाणपणाचा ठरतो. कानात बड घालायला बहुतेकांना संकोच वाटत नाही आणि ऐकू आल्यावर काय फरक पडतो हे एकदा कळलं की पुढचा निर्णय सोपा जातो.

टोपी बरोबर बसली का

सेटिंगकडे जाण्याआधी यावर वेळ घाला. निम्म्या तक्रारींचं मूळ इथे असतं. डब्यात रबराच्या टोप्यांचे वेगवेगळे आकार येतात आणि बहुतेक जण आधीच लावलेली मधली तशीच वापरतात. दोन कानांना दोन आकार लागू शकतात.

कानाची पाळी दुसऱ्या हाताने वर आणि मागे ओढा, बड आत सरकवा, किंचित फिरवा आणि पाळी सोडा. आता "ऊऽऽ" असा आवाज काढायला सांगा. स्वतःचा आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटला तर कान नीट बंद झाला आहे. दोन्ही बाजूंना सारखाच घुमायला हवा. मग जबडा हलवून बघायचा, पोळीचा घास चावतो तसा. चावताना बड सैल होत असेल तर एक आकार मोठी टोपी. दहा मिनिटांत दुखू लागलं तर एक आकार लहान. एअरपॉड्समध्ये फोनवरून फिट तपासण्याची चाचणी आहे, तीही करून घ्या. रबर घसरतच असेल तर फोमच्या टोप्या मिळतात. त्या दाबून बारीक करायच्या, कानात घालायच्या आणि फुगेपर्यंत थोडा वेळ बोटाने धरायच्या. त्या लवकर झिजतात, पण घट्ट बसतात.

कान बंद झाला की स्वतःचा आवाज मोठा वाटणारच. पहिल्याच दिवशी याच कारणासाठी बरेच जण बड काढून ठेवतात, म्हणून हे आधीच सांगून ठेवा.

आयफोनवर

फोन आणि बड्स दोन्हींचं सॉफ्टवेअर ताजं करा. बड्सचं आपोआप होतं, त्यासाठी ते डबीत घालून चार्जिंगला लावून फोनजवळ ठेवायचे.

मग बड्स कानात असताना सेटिंग्ज उघडा. वरच एअरपॉड्सचं नाव दिसेल, त्यात 'हिअरिंग हेल्थ' आणि आत 'हिअरिंग असिस्टन्स' दिसत असेल तर तोच रस्ता घ्या. फोन तुम्हाला चाचणी घेण्याबद्दल किंवा आधीचा ऑडिओग्राम वापरण्याबद्दल विचारेल. तज्ज्ञाचा कागद असेल तर तोच वापरा. फोनवरची चाचणी साधारण पाच मिनिटांची असते आणि तिला खरी शांतता लागते. पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिजपासून लांबची खोली. घोडबंदर रोडला लागून घर असेल तर पहाटेशिवाय ती धडपणे होत नाही.

तो पर्याय दिसत नसेल तरी अडत नाही. हेल्थ ॲपमध्ये 'हिअरिंग' विभागात 'ऑडिओग्राम' शोधा आणि 'ॲड डेटा'मधून कागदावरचे आकडे एकेक पट्टीनुसार दोन्ही कानांसाठी भरा. डावा-उजवा उलटा होऊ देऊ नका, लाल म्हणजे उजवा हे लक्षात ठेवा. नंतर सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, ऑडिओ अँड व्हिज्युअल, हेडफोन ॲकोमोडेशन्स असं जाऊन ती सोय चालू करा. 'कस्टम ऑडिओ सेटअप'मध्ये ऑडिओग्राम निवडा. खाली 'फोन' आणि 'मीडिया' ही दोन्ही बटणं चालू ठेवा. आयओएसच्या आवृत्तीनुसार हे मेनू थोडे इकडेतिकडे असतील, पण नावं हीच.

त्याच पानावर 'ट्रान्सपरन्सी मोड', म्हणजे बाहेरचा आवाज आत सोडणारी सोय, आहे. समोरासमोरच्या बोलण्यासाठी खरं काम तिथे होतं. 'कस्टम ट्रान्सपरन्सी' चालू केल्यावर काही सरकपट्टे दिसतात. 'ॲम्प्लिफिकेशन' म्हणजे एकूण वाढ. ती सुरुवातीला मध्याच्या जरा खालीच ठेवा. 'बॅलन्स' दोन कानांचा तोल. 'टोन' उजवीकडे सरकवला की स, श, च उठून येतात. फार सरकवला तर प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाजही सहन होत नाही. 'ॲम्बियंट नॉइज रिडक्शन' पंखा आणि एसीची घरघर कमी करतं. 'कॉन्व्हर्सेशन बूस्ट' समोरच्या माणसाच्या आवाजावर लक्ष धरतं, म्हणून एकाशीच बोलताना चालू आणि रस्त्यावर बंद.

टोन लावताना संगीत किंवा टीव्ही वापरू नका. घरातल्या एकाला मीटरभर अंतरावर, तोंड झाकून, नेहमीच्या आवाजात जोड्या म्हणायला सांगा: साठ-आठ, सात-हात, चार-सार, शाळा-बाळा, फार-पार. ऐकणाऱ्याने ऐकू आलेला शब्द म्हणून दाखवायचा. चुकलेल्या जोड्या लिहा, टोन थोडा सरकवा, पुन्हा म्हणा. ओठ दिसू देऊ नका. बरेच जण नकळत ओठ वाचत असतात आणि मग सेटिंग बरोबर झाल्याचा भास होतो.

यानंतर एक छोटं पण फार महत्त्वाचं काम. बडची दांडी दाबून धरली की मोड बदलतो. आजोबा बड नीट करायला हात लावतात, तो नॉइज कॅन्सलेशनवर, म्हणजे बाहेरचा आवाज दाबणाऱ्या मोडवर, जातो आणि "बिघडलं, काहीच ऐकू येत नाही" अशी तक्रार येते. एअरपॉड्सच्या सेटिंगमध्ये 'प्रेस अँड होल्ड'च्या यादीतून नॉइज कॅन्सलेशनची खूण काढून टाका. घरात दुसरं ॲपलचं यंत्र असेल तर 'कनेक्ट टू धिस आयफोन' या पर्यायात आजोबांच्या फोनवर 'ऑटोमॅटिकली' ठेवा आणि नातवाच्या आयपॅडवर 'व्हेन लास्ट कनेक्टेड'. नाहीतर नातवाने कार्टून लावलं की आवाज आजोबांच्या कानात वाजतो.

ॲन्ड्रॉइडवर

गुगलचं 'साउंड ॲम्प्लिफायर' हे मोफत ॲप प्ले स्टोअरवरून घ्या आणि ॲक्सेसिबिलिटीतून चालू करा. हे फोनच्या माइकने आवाज घेतं, वाढवतं आणि इअरफोनमध्ये पाठवतं. खालच्या आणि वरच्या पट्टीचे वेगळे सरकपट्टे आहेत, दोन कानांना वेगळी पातळी देता येते, गोंगाटही कमी करता येतो. वरची पट्टी वाढवा, खालची जवळपास तशीच राहू द्या.

यात एक अडचण आहे आणि तिचं कारण समजून घेतलं तर उपायही सापडतो. फोनमधून ब्लूटूथने बडपर्यंत आवाज पोचायला सेकंदाचा पाचवा भाग, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. समोरच्याचे ओठ आधी हलतात, आवाज मागून येतो. स्वतःचं बोलणंही उशिरा ऐकू येतं आणि माणूस अडखळायला लागतो. बडच्या आतल्या आतच आवाज वाढवणाऱ्या मोडमध्ये हा उशीर इतका कमी असतो की जाणवत नाही. म्हणून ॲन्ड्रॉइडवर साउंड ॲम्प्लिफायर वापरताना वायरचे, कान बंद करणारे इअरफोन घ्या. ३.५ मिलिमीटरची खाच असेल तर उत्तम, नसेल तर टाइप-सीचे. स्वस्त पडतात, चार्ज करावे लागत नाहीत आणि हरवतही नाहीत. या बाबतीत वायर सरस आहे.

एकाच कानात बड घालणार असाल तर ॲक्सेसिबिलिटीतलं 'मोनो ऑडिओ' चालू करा, नाहीतर एका बाजूचा आवाज गायब होतो. आणि 'लाइव्ह ट्रान्सक्राइब' ॲप भाषा मराठी करून ठेवा. ते समोरचं बोलणं पडद्यावर अक्षरांत उमटवतं. नावं चुकतात, पण डॉक्टरांनी गोळी जेवणाआधी सांगितली की नंतर, एवढं त्यावरून कळतं.

अंतर

बड कितीही महाग असो, बोलणारा लांब असेल तर हरतो. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने घटतो. पंख्याची घरघर मात्र तेवढीच राहते. बड दोन्ही वाढवतो. म्हणजे स्वयंपाकघरातून हाक मारून बाहेरच्या खोलीत बसलेल्या माणसाशी बोलणं कोणत्याही मशीनने जमणार नाही. मीटरभर अंतर, समोरासमोर, तोंडावर उजेड, हा नियम घरच्यांनी पाळायचा आहे.

फोनला लांबचा माइक म्हणून वापरणं हा यावरचा फार चांगला उपाय आहे आणि लोक तो फार कमी वापरतात. आयफोनवर कंट्रोल सेंटरमध्ये 'हिअरिंग' हे बटण आणून ठेवा, त्यात 'लाइव्ह लिसन' चालू करा आणि फोन बोलणाऱ्यासमोर ठेवा. सोसायटीच्या सभेत फोन सेक्रेटरीच्या टेबलावर, कीर्तनात पहिल्या रांगेत, जेवताना सगळ्यांच्या मधोमध. माइकची बाजू बोलणाऱ्याकडे असू द्या, फोन कापडावर ठेवा म्हणजे टेबलावरची खडखड कमी येते. ब्लूटूथची हद्द साधारण दहा मीटर, मध्ये भिंत आली की कमी. इथेही थोडा उशीर असतो, पण लांबून ऐकताना तो फारसा खुपत नाही. फोन नजरेआड ठेवून कुणाच्या खासगी गप्पा ऐकल्या जाऊ नयेत, म्हणून तो ठेवताना तसं सांगून ठेवा.

सिडकोच्या जुन्या इमारतींतल्या खोल्या लहान, जमिनीला लाद्या आणि भिंती उघड्या. आवाज आपटून परत येतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. जाड पडदा, सतरंजी, सोफ्यावर उशा, एवढ्यानेही फरक पडतो.

टीव्हीसाठी तर बाहेरचा आवाज वाढवूच नका. टीव्हीला ब्लूटूथ असेल तर बड्स थेट त्यालाच जोडा. घरच्यांना नेहमीचा आवाज आणि बाबांना त्यांचा हवा असेल तर टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये स्पीकर आणि ब्लूटूथ दोन्ही एकदम चालू ठेवण्याचा पर्याय आहे का बघा. काही टीव्हीत तो असतो, काहींत ब्लूटूथ जोडताच स्पीकर मुका होतो.

पहिले काही आठवडे

बरीच वर्षं न ऐकलेले आवाज एकदम परत येतात. नळाचं पाणी, वर्तमानपत्राची घडी, स्वतःच्या चपलांचा आवाज. मेंदूला त्यांची सवय व्हायला वेळ लागतो. पहिले दोन-तीन दिवस घरात, एका माणसाशी बोलताना, अर्धा तास पुरे. मग दोन वेळा अर्धा तास, मग टीव्ही, मग दोन-तीन माणसं. ॲम्प्लिफिकेशन दर आठवड्याला थोडंथोडं वाढवा. लग्नाच्या हॉलमध्ये पहिला प्रयोग करू नका. तिथे चांगली श्रवणयंत्रंही दमतात आणि "काही उपयोग नाही" हे मत एकदा बनलं की बदलत नाही.

बॅटरी एका चार्जवर साधारण पाच-सहा तास, प्रो ३ ची त्याहून जास्त. दुपारी वामकुक्षीच्या वेळी बड डबीत, एवढी सवय लावली तर संध्याकाळ निभते.

काय बिघडतं

शिट्टी वाजली तर टोपी सैल आहे. वाढवलेला आवाज फटीतून बाहेर येऊन पुन्हा माइकमध्ये शिरतो. टोपी बदला. तरीही वाजली तर ॲम्प्लिफिकेशन कमी करा. उशीला कान टेकला की शिट्टी येणारच, तेव्हा बड काढून ठेवा.

एका बाजूचा आवाज हळूहळू मंद होत गेला तर जाळीवर मळ बसला आहे. रबराची टोपी काढून साध्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. जाळी कोरड्या मऊ ब्रशने, तोंड खाली धरून झाडा. सुई, टाचणी, ओला कापूस तिथे नको. कानात काडी तर कधीच नको, ती मळ आत ढकलते.

"डोक्यात घुमतंय" अशी तक्रार राहिली तर एक आकार लहान टोपी लावून पाहा, टोन उजवीकडे घ्या, ॲम्प्लिफिकेशन थोडं उतरवा. आवाज कर्कश वाटत असेल तर टोन मागे. आवाज आहे पण शब्द अजिबात सुटे होत नाहीत, सेटिंग बदलूनही नाहीत, तर आतल्या कानाची शब्द ओळखण्याची क्षमताच कमी झालेली असू शकते. ऑडिओलॉजिस्टकडे शब्दांची वेगळी तपासणी होते, ती करून घ्या. तोवर आवाज वाढवत बसू नका.

कमाल पातळीबद्दल आग्रहाने सांगावंसं वाटतं. फोन आणि गाण्यांसाठी 'हेडफोन सेफ्टी'तली मोठे आवाज कमी करण्याची मर्यादा चालू ठेवा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला ८० डेसिबलचे ४० तास ही सुरक्षित हद्द मानते. आवाज ३ डेसिबलने वाढला की मुभा असलेला वेळ निम्मा होतो.

घराबाहेर

रस्ता ओलांडताना ट्रान्सपरन्सी चालू आणि कॉन्व्हर्सेशन बूस्ट बंद. मागून येणारी रिक्षा ऐकू यायला हवी, आणि तरीही मान वळवून बघायचंच. बडमुळे आवाजाची दिशा ओळखणं थोडं कच्चं होतं. तलावपाळीला किंवा पाम बीच रोडच्या कडेला फिरताना वारा माइकवर आदळून फरफर होते, तेव्हा टोपी-मफलर कानावरून घेऊ नका, आवाज आणखी बिघडतो. ॲम्प्लिफिकेशन उतरवा.

ठाणे स्टेशनवरची घोषणा बडने स्पष्ट होत नाही. छताखाली ती घुमून मिसळलेली असते आणि बड ते मिसळलेलंच वाढवतो. इंडिकेटर आणि फोनवरचं एम-इंडिकेटर हे लोकलच्या वेळांचं ॲप यांवर भिस्त ठेवा. गर्दीच्या लोकलमध्ये चढताना-उतरताना बड डबीत, डबी खिशात. गडकरी रंगायतन किंवा वाशीच्या भावे नाट्यगृहात पुढच्या रांगांत, मधली खुर्ची घ्या आणि ॲम्बियंट नॉइज रिडक्शन जरा वाढवा.

बँकेच्या काचेमागच्या माणसाला, रिक्षावाल्याला, दवाखान्यात नर्सला आधीच सांगा, "हे ऐकण्यासाठी लावलंय, गाणी नाहीत." नाहीतर समोरचा बड काढायची वाट बघत थांबतो किंवा उद्धट समजतो.

पावसाळा

जून ते सप्टेंबर आपल्याकडची हवा इतकी दमट असते की बंद कानात बुरशी सहज धरते. खाज, ओलसरपणा, वास ही तिची सुरुवात. बड दोन-दोन तासांनी काढून कान मोकळा ठेवा, आंघोळीनंतर कान पूर्ण कोरडा झाल्याशिवाय घालू नका. खाज सुरू झाली तर वापर थांबवून डॉक्टरांना दाखवा, तेल अजिबात घालू नका. एअरपॉड्स प्रो घाम आणि शिंतोडे सोसतात, पण भिजले तर पुसून, हवेशीर जागी वाळवून मगच डबीत. रात्री डबी सिलिका जेलच्या पुड्यांसोबत बंद डब्यात ठेवली तर दमटपणा लागत नाही. एकाचे बड दुसऱ्याने वापरू नयेत, जंतू टोपीबरोबर जातात.

वर्षातून एकदा ऑडिओग्राम पुन्हा काढा आणि नवे आकडे फोनमध्ये भरा. दिवसात बड्स चार-पाच तासांहून जास्त लागू लागले, ॲम्प्लिफिकेशन टोकाला गेलं, किंवा सरासरी पन्नासच्या पुढे सरकली, तर श्रवणयंत्राची वेळ झाली. जाताना शब्दांच्या जोड्यांचा तो कागद सोबत न्या. कुठे साठ चुकतं, कुठे सात, घरात चुकतं की बाजारात, हे लिहून नेलं की ऑडिओलॉजिस्टला मशीन बसवताना नेमकं कुठे वाढवायचं ते पहिल्याच भेटीत कळतं. केंद्र सरकारच्या एडिप योजनेत उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या, दिव्यांग प्रमाणपत्र असलेल्यांना श्रवणयंत्रासाठी मदत मिळते. दोन्ही कानांत बोलण्याच्या पट्टीवर ६० डेसिबल किंवा त्याहून जास्त दोष असेल तर त्या प्रमाणपत्राबद्दल तिथेच विचारा.